एक ओळ आपली, एक ओळ त्यांची

ओळीआड ओळ ही वाटणी आत्याने सुचवली, आणि ती तिने नुसती वैतागून सुचवली होती हे ती आजही शपथेवर सांगते. आजोबा गेल्यावर दोघा भावांनी उतारावरची जुनी द्राक्षबाग वाटायला घेतली. वर ऊन चांगलं, खाली माती चांगली, आणि दोघांनाही दोन्ही हवं. असं जुंपलं की ताटातलं अन्न वाळून गेलं. शेवटी आत्या म्हणाली, "मग एक ओळ तू घे, एक ओळ तो घेईल, म्हणजे कुणाच्याच पोटात दुखायला नको." झालं. एरवी जन्मात तिचं कुणी ऐकलं नाही, तेवढं एक मात्र दोघांनी ऐकलं.

तेव्हापासून रस्त्याकडची पहिली ओळ थोरल्याची, दुसरी धाकट्याची, तिसरी पुन्हा थोरल्याची, असं थेट ओढ्यापर्यंत. भावांचं बोलणं बंद. काही सांगायचं असलं तर आत्यामार्फत, म्हणून ती बिचारी सहा महिने या घरी आणि सहा महिने त्या घरी राहायची. इतकी वर्षं अशी गेली आणि मागच्या हिवाळ्यात दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं: बाग उपटून टाकायची. वेली म्हाताऱ्या झाल्या, घड मोजकेच लागतात, नवी जात लावली तर माल भरपूर. हे एकट्याने करता येण्यासारखं नव्हतं, कारण जुन्या ओळी इतक्या खेटून लावलेल्या की खाली मुळंच एकमेकांत अडकलेली. एकाची वेल ओढली की दुसऱ्याची हलणार. म्हणून दोघांचा होकार हवा होता, आणि तो आत्याने इकडून तिकडे नेला आणि मग दार लावून भरपूर रडून घेतलं.

रडली नाही ती थोरल्याची लेक. ती भांडली. शहरातलं बिऱ्हाड गुंडाळून, दातांच्या डॉक्टर नवऱ्याला गळ घालून ती इथे परत आली होती ती याच वेलींसाठी, आणि येऊन बघते तर वेली उपटायची बोलणी चाललेली. बाबांनी तिला एवढंच कबूल केलं, "या हंगामाची वाइन तू कर. तोडणी झाली की पुढच्या आठवड्यात यंत्रवाला येतोय."

आज ती तोडणी होती.

पहाटे धुकं असं उतरलं होतं की स्वतःची कात्री दिसायची, टोपली दिसायची नाही. पण दातवाल्या जावयाने आदल्या दिवशी सासऱ्यांवर छाप पाडायला एक काम करून ठेवलं होतं. आपल्या ओळींच्या टोकाला जे खांब, त्यांच्यावरचा चुना पावसाने धुऊन गेला होता, तो त्याने नव्याने लावला होता. अगदी नीट, एक खांब सोडून एक, दाताला पॉलिश करावं तसा. त्या पांढऱ्या खांबांच्या भरवशावर लेक, जावई आणि आई अशा तिघांनी तोडणी सुरू केली. आई पुढच्या ओळीत निघून गेली. तिचा हात कायमच वेगवान.

लेक दुसऱ्या वेलीपाशी थांबली. तिने काडीवरून बोट फिरवलं. मग पुढच्या वेलीच्या काडीवरून फिरवलं.

"डॉक्टर," तिने हळूच हाक मारली. ती त्याला लाडात असली किंवा रागात असली की डॉक्टर म्हणायची. "तू चुना कुठून लावायला सुरुवात केलीस?"

"पहिल्या ओळीपासून."

"कुठली पहिली?"

"रस्त्याकडून लागते ती. तिच्या अलीकडे नुसतं गवत आहे आणि चार वाळके खुंट."

"ते खुंट म्हणजे आमची पहिली ओळ."

"ती मेलीय ना?"

"मेलीय. पण मोजायची."

"मेलेली ओळ मोजतात?"

"आमच्याकडे मोजतात. मी छाटते तेव्हा काप तिरका देते. हे बघ, हे सगळे काप सरळ आहेत. काकांचा हात आहे हा. तू काल फार मनापासून काकांच्या खांबांना चुना लावलायस."

त्याचा चेहरा चुन्याच्याच रंगाचा झाला असावा, पण धुक्यात तो कुणाला दिसणार. "बाबांना सांगू या. आत्ताच."

"सांगून काय करणार? तोडलेले घड परत चिकटवणार आहेस? सिमेंट आणलंयस का दवाखान्यातून?"

आणि मग तिला हसू आलं. आधी नाकातून, मग आवरेना तेव्हा तिने तोंडात घडच कोंबला, आणि हसता हसता एकदम गप्प झाली. काकांच्या ओळीतलं द्राक्ष तिने लहानपणी एकदाच खाल्लं होतं आणि त्यापायी मार खाल्ला होता. चव तेव्हा कळलीच नव्हती. आता कळत होती. पातळ साल, आत गोडीच्या मागून येणारा आंबटपणा, आणि गिळल्यावरही जिभेवर रेंगाळणारं काहीतरी.

"पुढच्या आठवड्यात या नसणारच आहेत," ती म्हणाली. "कुणीच यांची वाइन पुन्हा करणार नाही. तोड तू."

"पण हे चोरीत मोडतं."

"चूक तुझी, चोरी माझी. तोड."

आणि तो तोडायला लागला. बायको इतकी हसताना त्याने लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

अंगणात शेडखाली दगडी हौद धुऊन ठेवलेला. गुडघा दुखतो म्हणून बाबांना ना वर चढायची परवानगी ना हौदात उतरायची, म्हणून ते हौदाच्या काठाशी खुर्ची टाकून सेनापतीसारखे बसलेले. शेजारच्या पिंपांत अंगणातल्या मांडवावरच्या, लवकर पिकलेल्या द्राक्षांचा रस आंबायला लागला होता आणि त्याचा वास इतका दाटला होता की नुसता श्वास घेतला तरी डोकं हलकं व्हावं. त्यातून पहिल्या टोपलीला एक पेला, दुसऱ्या टोपलीला एक पेला, हा बाबांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आज टोपल्या भराभर आल्या होत्या.

तुडवणाऱ्यांत जावई, लेक आणि आई. आत्या काठावर बसून पायाने ताल धरत होती. हे सहा महिने ती या घरात होती. जावयाचे पाय गुडघ्यापर्यंत लालभडक झाले होते आणि तो सासऱ्यांच्या नजरेला नजर देत नव्हता.

"जावईबापू, टाच वापरा, टाच," बाबा म्हणाले. "दात उपटताय का?"

"नाही बाबा."

"मग असे घाबरत का पाय टाकताय?"

"निसरडं आहे, बाबा."

आईने पेलाभर रस काढून बाबांच्या हातात दिला. तिचा चेहरा अगदी कोरा होता. बाबांनी पेला उजेडात धरला, हुंगला, घोटभर घेतला. मग डोळे मिटले. लेकीचा पाय हौदातच थबकला.

बाबांना खरं सांगायचं तर भीती वाटत होती. शेवटचा हंगाम, त्यात मूल हट्टाला पेटलेलं. रस पांचट निघाला असता तर बरं झालं असतं, उपटताना मन खात बसलं नसतं. आणि हा रस तर असा, की लहानपणी वडिलांनी करंगळी बुडवून चाटवला होता तो परत आला. नाकात काहीतरी चुरचुरलं. त्यांनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा, आणि मग त्यांच्यातला थोरला भाऊ जागा झाला.

"ताई," ते आत्याला म्हणाले, "हे बापाच्या वेळचं आहे. अगदी हेच. उभ्या डोंगरात कुणाच्या ओळीतून असा रस निघायचा नाही. आणि म्हणे वेली म्हाताऱ्या झाल्या."

"मग उपटायच्या कशाला?" लेक म्हणाली.

"तो धाकटा होकार देऊन बसला म्हणून. त्याच्या ओळीत नुसतं लाकूड उरलंय, त्याला काय कळणार. माझ्या एकट्याच्या असत्या तर या वेलींना मी हात लावू दिला नसता."

"नक्की ना, बाबा?"

"एकदा बोललो ना."

जावयाच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. आईने त्याला पाठीवर थोपटलं, ठसका लागल्यावर थोपटतात तसं.

तिकडे पलीकडच्या घरात काकू अंडी तळत होती. स्वयंपाकघराची खिडकी बरोबर बागेकडे. धुकं विरायला लागलं आणि तिला आधी खांब दिसले, मग पांढरे खांब दिसले, आणि मग आपल्या स्वतःच्या ओळी दिसल्या, एकूण एक ओळ रिकामी. मधल्या ओळींतले थोरल्यांचे घड मात्र जसेच्या तसे लटकत होते. तिने गॅस बारीक केला. नवरा टेबलाशी बसून बूट चढवत होता, तोडणीला निघायच्या तयारीत.

काकूला नवी बाग नको होती. नवी बाग म्हणजे नवे खांब, नव्या तारा, औषधाच्या फवारण्या, आणि नवऱ्याच्या कटकटी, म्हणजे शेवटी सगळं तिच्याच डोक्यावर. आणि दुसरं म्हणजे जाऊ. भावांचं बोलणं बंद झालं तरी जावांचं कुठे बंद झालं होतं? इतकी वर्षं दोघी छाटणीच्या निमित्ताने शेजारच्या ओळींत उभ्या राहून, एकमेकींकडे न बघता, सगळ्या जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत आल्या होत्या. ओळी गेल्या की ते गेलं. हे तिने नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, "बायकांच्या गप्पांसाठी बाग ठेवू का?"

यावरून दोघांचं पुन्हा जुंपलं तर ते उपटायचं एकमत मोडेल, एवढं तिच्या लक्षात आलं. "बूट काढा," ती म्हणाली. "अजून दोन अंडी करते."

"दोन झाली की माझी."

"धुकं आहे. ओले घड तोडून काय करायचंय?"

हे पटण्यासारखं होतं. काका परत बसले. मग पाव संपला म्हणून तिने नवा कापला. मग चहा गार झाला म्हणून दुसरा केला. मग विचारलं, "माझं वजन वाढलंय का हो?" या प्रश्नाला उत्तर देता देता काकांचा आणखी बराच वेळ गेला.

ते बाहेर पडले तेव्हा ऊन पार वर आलं होतं. ते फाटकात थांबले, बागेकडे बघितलं, डोळे चोळले. मग तरातरा रस्ता ओलांडून भावाच्या अंगणात शिरले. काकू पदराला हात पुसत त्यांच्या मागून आली.

आत्याने त्यांना येताना पाहिलं आणि ताल धरणारा पाय खाली टेकला. आता आपल्यालाच मध्ये पडावं लागणार हे तिला ठाऊक होतं.

"ताई," काका म्हणाले, "याला विचार, माझ्या ओळी कुणी तोडल्या."

"तो तुझ्यापुढेच बसलाय, बहिरा नाही."

"विचार."

"त्याच्या ओळी कुणी तोडल्या विचारतोय," आत्याने बाबांना सांगितलं.

"त्याला सांग, डोळे तपासून घे. आम्ही चुना बघून तोडलंय."

"चुना मी लावला," हौदातून जावई म्हणाला. त्याला आता राहवेना. "पहिली ओळ मेलेली होती, मी ती मोजलीच नाही. सगळं एकाने सरकलं. हे सगळे घड काकांचे आहेत. माफ करा. मला दात मोजता येतात, पण ओळी..."

पिंपात रस बुडबुडत होता. बाबांनी हातातल्या पेल्याकडे बघितलं, मग हौदाकडे, मग परत पेल्याकडे.

"माझा माल परत द्या म्हणावं," काका म्हणाले.

"घेऊन जा म्हणावं," बाबा म्हणाले. "सालं वेगळी बांधून देतो, बिया वेगळ्या."

"रस कसा निघालाय?" काकूने सहज विचारावं तसं जावेला विचारलं.

आई काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "चांगला निघालाय." आयुष्यभर दोघांचे निरोप पोचवून ती कंटाळली होती, पण हा निरोप पोचवायला तिला फार आनंद होत होता. "तुझा दादा आत्ताच म्हणाला, बापाच्या वेळचा रस आहे. उभ्या डोंगरात असा रस निघायचा नाही म्हणाला."

बाबांना जोरात खोकला आला.

"कोण म्हणालं?" काकांनी विचारलं.

"दादा."

"माझ्या रसाला?"

"डोळे मिटले होते त्याने. नाकपण ओढलं."

काकांनी काकूकडे पाहिलं. मग ते हौदाशी आले, हात बुडवला आणि ओंजळभर रस प्यायले. त्यांचा सदरा कोपरापर्यंत लाल झाला. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा चेहऱ्यावर असं काही पसरलं होतं की लेकीला त्यांच्याकडे बघवेना.

"दादा," ते म्हणाले. मधे आत्या नव्हती. "हे तू मनापासून म्हणालास?"

बाबांनी पेला खाली ठेवला. खोटं बोलावं तर चार साक्षीदार. "म्हणालो," ते पुटपुटले. "माझा समजून म्हणालो."

"समजून काहीही असो. तोंड तुझं होतं ना?"

"तोंड माझंच होतं."

"मग माझ्या ओळी मी उपटत नाही."

"अरे, ठरलंय आपलं. यंत्रवाल्याला बोलावलंय."

"ठरलं तेव्हा तू मला चांगलं म्हटलं नव्हतंस," काका म्हणाले. "इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणायचं होतंस. माझ्याकडे लाकूड उरलंय हेच ऐकत आलोय, शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं. आता नाही. तुला तुझ्या उपटायच्या तर खुशाल उपट. फक्त माझ्या मुळांना धक्का लागता कामा नये."

"तसं कसं जमेल? मुळं अडकलीयत."

"ते तू बघ."

"आणि मी का उपटू?" बाबा आता खुर्चीतून उठलेच, गुडघा बिडघा विसरून. "तुझ्याहून चांगला माल लटकतोय माझा वर. अजून कुणी चाखलाय कुठे तो? आधी चाख, मग बोल."

"चाखतो की. आत्ता चाखतो."

लेक हौदातून बाहेर आली तीच फोन शोधत. लाल पायांचे ठसे घरात जाऊन परत आले. यंत्रवाल्याला तिने एका दमात सांगितलं की येऊ नका. तो चिवट माणूस. म्हणाला, दोन्ही भावांनी आपापला होकार दिला तेव्हा मी काम घेतलं, आता तुमच्या एकटीच्या शब्दावर सोडत नाही. तिने फोनचा आवाज मोठा केला आणि दोघांच्या मध्ये धरला.

"येऊ नका," दोघं म्हणाले.

"एकेकाने बोला," यंत्रवाला म्हणाला, "दोघांचा आवाज सारखाच येतोय."

आत्या काठावरून घसरून पडायचीच राहिली, इतकी हसली. मग हसता हसता रडायला लागली आणि तिला स्वतःलाच कळेना की यातलं थांबवायचं काय.

काकांनी बूट काढले आणि पाय धुतले. वर ओळी तोडायला बायका जाऊ देत, हा रस अर्धवट ठेवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. बाबा म्हणाले, हौद माझा आहे. काका म्हणाले, द्राक्षं माझी आहेत. एवढं भांडून झाल्यावर बाबांनी त्यांना उतरायला हात दिला.

"सांभाळ, तळ निसरडा आहे," ते म्हणाले, आणि हात मग सोडलाच नाही. काका हौदात एका जागी पाय मारत राहिले, बाबा काठावर वाकून त्यांचा हात धरून राहिले, आणि जावई मध्ये उभा राहून कुणाच्या बाजूने हसावं या विचारात होता.

मधल्या ओळींतले घड उन्हं कलायच्या आत उतरवायला हवे होते. लेक, काकू आणि आई कात्र्या घेऊन वर चढल्या आणि शेजारशेजारच्या ओळींत शिरल्या. इथले काप तिरके होते. लेकीने पहिला घड तोडला आणि तिला हुंदका आला, अगदी लहान मुलासारखा. वेली राहणार होत्या. पुढच्या वर्षी छाटायच्या होत्या, त्याच्या पुढच्या वर्षीही. तिला इतकं बरं वाटत होतं की ती तिथेच मातीत बसली.

वेलीपलीकडून काकूचा आवाज आला, अगदी हलका. "पोरी, तुला एक सांगते, कुणाला बोलू नकोस. धुकं विरलं तेव्हाच मी खिडकीतून बघितलं होतं. त्यांना अंडी खायला घालून अडकवून ठेवलं."

लेकीने डोळे पुसले. "काकू, मला तर दुसऱ्या वेलीपाशीच कळलं होतं. काप सरळ होते."

दोघी पानांच्या फटीतून एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग दोघींचे खांदे हलायला लागले. आवाज येऊ नये म्हणून काकूने पदर तोंडात धरला.

"हळू," पलीकडच्या ओळीतून आई म्हणाली. तिची कात्री क्षणभरही थांबली नव्हती. "काल संध्याकाळी तो चुना लावत होता तेव्हा मी मागेच उभी होते. दोन खांब झाले होते. म्हटलं, चाललंय ते चालू दे."